न हसलेल्याचे नाव

माचणवाडीच्या शाळेत मुलं आधी हसतात, आणि ज्याच्यामुळं हसायचं ती गोष्ट नंतर घडते. शाळा निघाली तेव्हापासून हे असंच आहे. नंतर म्हणजे कधी दोन दिवसांनी, कधी महिन्यानं, पण घडते नक्की. ती घडते तेव्हा मात्र कुणी हसत नाही, कारण हसून झालेलं असतं. सगळा वर्ग गप्प बसून बघतो. हसू जेवढा वेळ चाललं तेवढाच वेळ, एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही.

गेल्या श्रावणात वर्ग नऊ सेकंद हसला. पंधरा दिवसांनी दाभोळे गुरुजींचा चष्मा आमटीच्या पातेल्यात पडला, आणि त्यांनी तो मोहरीसकट तसाच डोळ्यांवर चढवला. मुलं नऊ सेकंद त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली आणि मग पुन्हा वाचायला लागली. गुरुजींनी चष्मा पुसला, नोंदवही काढली आणि कारणाच्या रकान्यात 'चष्मा' असं लिहिलं.

ही नोंदवही छापील आहे. तारीख, वेळ, हसू किती चाललं, न हसलेल्याचे नाव, न हसण्याचे कारण, आणि शेवटी हसण्याचे कारण. हा शेवटचा रकाना भरेपर्यंत वर्गाला दुसरं हसू येत नाही. एकामागं एक, रांगेनं.

शाळा एकखोलीची, पहिली ते चौथी, तेवीस मुलं आणि एकटे गुरुजी. हसू आलं की खोलीत असेल त्या प्रत्येकाला येतं, गुरुजींनाही. पण गुरुजी हसतात आणि शिकवतात. कारण हसू चालू असताना कानावर जे पडतं ते जन्मभर डोक्यात राहतं, आणि बाकी वेळचं दुपारच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. म्हणून वर्ग हसायला लागला की गुरुजी हातातलं टाकून अवघडातलं अवघड काहीतरी घेतात. एकोणतीसचा पाढा माचणवाडीत अशाच एका हसण्यात बसला. लहान हसू असेल तर एखादी वेलांटी दुरुस्त करून घेतात.

खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड आहे. तिथं अनशाक्का मुलांची खिचडी शिजवते. एकोणीस वर्षं झाली. ती आली तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पण भिंत सामाईक, त्यामुळं हसू तिलाही यायचं, आणि हसता हसता भिंतीतून जे ऐकू येईल ते तिच्याही डोक्यात बसायचं. आज तिला चौथीपर्यंतचं सगळं येतं. कुणी विचारलं तर ती ताठ मानेनं सांगते, "मला कुणी शिकवलं न्हाई. माझं मी घेतलं." गावात तिला जपून असतात. ती तोंडावर बोलते, आणि ते खोटं नसतं, हीच अडचण.

सतरा जानेवारीला, दहा वाजून चाळीस मिनिटांनी, वर्गाला हसू आलं. गुरुजींनी लगेच सत्तावीसचा पाढा सुरू केला. पाढा संपला, हसू संपलं नाही. गुरुजींनी वनस्पतीचे भाग घेतले, पाण्याचं चक्र घेतलं, महाराष्ट्राचे सगळे जिल्हे घेतले. मुलं सतरंजीवर लोळत होती. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी तसाच भागाकार घेतला. शेवटी अभ्यासक्रम संपला. तेव्हा त्यांनी खिशातून गडहिंग्लजच्या एसटीचं वेळापत्रक काढलं आणि ते म्हणून घेतलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी हसू थांबलं. शेडमध्ये खिचडी खालून करपली होती आणि अनशाक्का चुलीसमोर पोट धरून बसली होती.

चाळीस मिनिटं. एवढं हसू माचणवाडीत कधी आलं नव्हतं.

गुरुजींनी नोंदवही काढली आणि वर्गावरून नजर फिरवली. मुलं दमून पडली होती. खिडकीपाशी सतरंजीच्या टोकाला तिसरीतली ईश्वरी बसली होती, मांडी घालून, हात मांडीवर. तिचे गाल कोरडे होते.

"ईश्वरी, तू हसलीस का?"

"न्हाई गुरुजी."

"अजिबात?"

"अजिबात."

गुरुजींनी तिचं नाव लिहिलं. लिहिताना टाक उगाच दोनदा झटकला.

न हसण्याची कारणं नोंदवहीत छापलेलीच आहेत. फक्त तीन. एक, गोष्ट घडेल तेव्हा हजर नसणे. दोन, गोष्ट न कळणे. तीन, गोष्ट स्वतःवरच असणे. यातलं दुसरं इथं चालणार नव्हतं. पहिलीतली, अजून नाक पुसता न येणारी पोरंही चाळीस मिनिटं हसली होती, आणि ईश्वरी वर्गात सगळ्यांत हुशार. उरली दोन.

पहिल्या कारणाचे आतापर्यंत तिघं झाले होते. एकजण आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. एकाला गालगुंड झाले. आणि एक विहिरीत पडला. तेव्हा पहिलं कारण कुणी मागून घेत नसे.

तिसऱ्या कारणाचा एकच होता, शिरपा. त्याच्या वेळचं हसू अकरा मिनिटांचं. सव्वीस जानेवारीला तो भाषणाला उभा राहिला, पहिल्याच शब्दाला जीभ अडली, आणि अडली ती सुटलीच नाही. पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. त्याची चड्डी ओली झाली एवढं पुरे. सगळी शाळा अकरा मिनिटं निश्चल उभी राहून त्याच्याकडं बघत होती. कुणी हसलं असतं तर एखादे वेळी त्याला बरं वाटलं असतं. तो पुन्हा शाळेत आला नाही. आता तो चाळिशीचा आहे, डेअरीवर दूध मोजतो. त्याच्या बरोबरीची माणसं त्याला बघून अजूनही बोलता बोलता थांबतात.

दुपारी गुरुजी शेडमध्ये आले आणि पाटावर बसले.

"तिच्या बापाला सांगतो. दोन महिने निपाणीला आत्याकडं ठेवा म्हणावं. हजर नसली की झालं."

"आणि तिघातला तिसरा कोण व्हता?" अनशाक्का म्हणाली. "त्योबी हजर नव्हता. पोरगी कुठं जायाची न्हाई. माझ्याजवळ ऱ्हाईल."

"तुमची कोण लागते ती?"

"कोण लागत न्हाई. माझे तांदूळ निवडते."

हे खरं होतं. ईश्वरी रोज दहाच्या आधी शेडमध्ये यायची, सुपासमोर बसायची आणि खडे वेचता वेचता काही ना काही सांगायची. त्या दिवसापासून अनशाक्कानं तिला नजरेआड होऊ दिलं नाही. विहिरीकडच्या वाटेवर स्वतः पुढं चालायची. पोरीला कुणी भाषणाला उभं करू नये, कवितेला उठवू नये, खेळात पकडू नये, असं तिनं गुरुजींना सांगितलं, आणि गुरुजींनी ऐकलं.

पण शेवटचा रकाना रिकामा होता आणि दिवस जात होते. दुसरं हसू येईना, त्यामुळं काहीच डोक्यात बसेना. फेब्रुवारीत गुरुजींनी अपूर्णांक अकरा वेळा शिकवले आणि बाराव्या वेळी मुलांनी अपूर्णांक हा शब्द नव्यानं ऐकल्यासारखा ऐकला. तेवढं एसटीचं वेळापत्रक मात्र झोपेत विचारलं तरी सांगत. ईश्वरीला तेही येत नसणार, असं गुरुजी धरून चालले होते. त्यांनी तिला विचारलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात केंद्रप्रमुख रेडेकर साहेब तपासणीला आले. त्यांनी नोंदवही बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "सतरा जानेवारीचं हसू अजून प्रलंबित?"

"होय साहेब."

"वर्षअखेरीच्या आत निकाली काढायला लागेल. नाहीतर ही शाळा घाटापलीकडच्या मोठ्या शाळेत जाईल. तसा आदेश आहे."

मुलांमध्ये कुजबुज झाली. चौथीतल्या एकानं हात वर केला. "साहेब, तिथं हसू नंतर येतं म्हणं?"

"नंतर येतं."

"मग आधी बघायचं काय झालं ते, आन् मग हसायचं?"

"हो."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. पहिलीतली एक मुलगी रडू लागली.

साहेबांनी बॅगेतून एक पुस्तिका काढली. प्राथमिक वर्गांसाठी मान्यताप्राप्त विनोद, संख्या सात. ते उभे राहिले आणि ओळीखाली बोट धरून त्यांनी सातही विनोद वाचले. गुरुजी घड्याळ धरून शांततेची वाट बघत होते. शांतता झाली नाही. मुलं माश्या मारत होती, पेन्सिलींना टोक काढत होती. साहेबांनी पुस्तिका मिटली आणि शेऱ्यात लिहिलं, 'विनोद दिले. परिणाम नाही.'

साहेब गेले आणि दुसऱ्या दिवशी अनशाक्कानं स्वतःच करून बघायचं ठरवलं. हसू पोरीवर पडण्यापेक्षा आपल्यावर पडलेलं काय वाईट, असा तिचा हिशोब. सत्तरीला टेकलेली बाई, पण ती डोक्यावर पातेलं पालथं घालून, हातात डाव घेऊन, लग्नातल्या बँडसारखी वाजवत वर्गात शिरली आणि उंबऱ्याला अडखळून सपशेल आडवी झाली. पडणं काही ठरवलेलं नव्हतं. वर्ग गप्प झाला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मग पहिल्या रांगेतल्या पोरानं विचारलं, "आक्का, लागलं का?" आणि गलका सुरू झाला.

"दहा सेकंद," गुरुजी म्हणाले. "आणि तीही काळजीचीच दिसतात. धरता येणार नाहीत."

"चाळीस मिनिटं पडून ऱ्हातो मी. घड्याळ लावा."

"असं तुकड्यांनी जमत नाही, अनशाक्का. उठा."

ती उठली. गुडघा सुजला होता. शेडमध्ये जाऊन तिनं त्यावर हळद लावली. समोर ईश्वरी सूप घेऊन बसलीच होती.

"आक्का," ईश्वरी म्हणाली, "साहेबांनी काल बोट धरून वाचलं न्हवं? तिसऱ्या विनोदाला त्यांचं बोट घसरलं. ते खालच्या ओळीवर गेलं. मग डॉक्टरकडं गेलेल्या माणसाला मास्तरांनी अंगठे धरून उभं केलं, आन् वर्गातल्या पोराला इंजेक्शन दिलं. साहेबांस्नी कळलं न्हाई. गुरुजींस्नीबी न्हाई. गुरुजींनी मान हलवली."

अनशाक्काला हसू आलं नाही, दुसरं हसू यायची मुभाच नव्हती. पण ते जिथून येतं ती जागा हलली. तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काहीच हललं नव्हतं. ईश्वरी तांदळातला खडा वेचत होती.

"ईश्वरे, हे तू मला सांगतीस, मग तुला कसं काय वाटत न्हाई?"

"वाटतंय की."

"मग तोंड असं कोरडं का?"

"सांगताना हसलं तर पुढचं कोण सांगणार?"

अनशाक्कानं हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. सत्तेचाळीस दिवस ती न हसण्याच्या ज्या रकान्याकडं बघत होती तो तिला आता नीट दिसला. ती लंगडत वर्गात गेली, गुरुजींच्या टेबलावरची नोंदवही उघडली आणि छापील तीन कारणांच्या खाली, समासात, चौथं कारण स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'चार, सांगणारा असणे.'

गुरुजींनी वाचलं. "याला मंजुरी नाही."

"मंजुरी आणा मग. तोवर पोरगी वर्गापुढं उभी ऱ्हाऊन सांगंल."

"उभी करू नका असं तुम्हीच सांगितलं होतं. आणि ती तिसऱ्या कारणाची निघाली तर? शिरपासुद्धा असाच उभा राहिला होता."

अनशाक्कानं वही मिटली. तिनं वळून बघितलं. ईश्वरी दारात उभी होती, परकराला तांदळाचा कोंडा लागलेला.

"माझ्याजवळ सांगण्यासारखं हाय," ईश्वरी म्हणाली. "पण कुणी विचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ती फळ्यासमोर उभी राहिली. गुरुजी घड्याळ घेऊन भिंतीला टेकले. अनशाक्का शेडमध्ये चुलीपुढं बसून राहिली, भिंतीला कान लावून. आत जायचं तिला धाडस झालं नाही, आणि हे तिनं पुढं कुणापाशी कबूल केलं नाही.

"सतरा जानेवारीला तुम्ही हसत व्हता," ईश्वरीचा आवाज आला. "मी एकटी हसत नव्हते. म्हणून मला सगळं दिसलं. ते सांगते."

वर्ग शांत झाला.

ती सांगत गेली. प्रथमेश कसा हसता हसता स्वतःचंच दप्तर पाठीशी घेऊन लोळला आणि उठता येईना म्हणून उलट्या कासवासारखा पाय हलवत म्हणाला, 'सत्तावीस पाचे एकशे पस्तीस.' जुळ्या बहिणी कशा एकमेकींचे अश्रू पुसत होत्या आणि एकीनं चुकून भिंतीवरच्या नकाशाचेही पुसले. गुरुजींनी पाण्याचं चक्र काढताना ढग फळ्यावर काढला, आणि पाऊस काढायला फळा पुरला नाही म्हणून तो स्वतःच्या सदऱ्यावर काढला, आणि मग खडू खिशात ठेवायचा तो तोंडात ठेवून तसेच जिल्हे म्हणाले. नंदुरबार म्हणताना पांढरी भुकटी उडाली. एक कोंबडी आत आली, सगळ्यांकडं बघून गुरुजींच्या खुर्चीवर बसली, आणि गुरुजींनी तिला भागाकार विचारला. खिडकीतून शेड दिसत होती. शेडमध्ये आक्का डाव कपाळाला लावून हसत होती, आणि दर खेपेला पातेल्यात मीठ टाकत होती.

अनशाक्कानं हे ऐकलं. ती हसली नाही. तिची नजर चुलीतल्या जाळावर होती.

ईश्वरीला सगळं माहीत होतं. कुणाच्या तोंडी कुठला आकडा होता, कुठल्या जिल्ह्यानंतर कुठला. सत्तावीसचा पाढा तिनं पुरा म्हटला, कारण तो मधे आला. पाण्याचं चक्र सांगितलं, भागाकार सांगितला, आणि शेवटी गडहिंग्लजच्या एसटीचं वेळापत्रक, सकाळच्या पहिल्या गाडीपासून मुक्कामाच्या गाडीपर्यंत, सांगितलं. तिचा आवाज कुठं चढला नाही की उतरला नाही. पलीकडं तेवीसातली बावीस मुलं श्वास घेतायत की नाही कळू नये अशी बसली होती. बाहेर कोंबडी आली होती. तीसुद्धा दारात थांबली.

"मग हसू थांबलं," ईश्वरी म्हणाली, "आन् गुरुजींनी विचारलं, तू हसलीस का."

गुरुजींनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं. एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही.

मुलांनी एकदम हालचाल केली. कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी पेन्सिल मागितली. ईश्वरी खिडकीपाशी जाऊन बसली. गुरुजी तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "तू तर हसली नव्हतीस. मग तुला हे सगळं येतं कसं?"

"मी बघत व्हते, गुरुजी."

गुरुजींनी नोंदवहीतले कारणांचे दोन्ही रकाने भरले. साहेबांकडं कागद गेला. आठ दिवसांनी परत आला. चौथ्या कारणाखाली शिक्का होता, आणि शाळा जागच्या जागी राहिली.

वाट अडली होती ती मोकळी झाली. त्या आठवड्यात दोन हसू आली. एक पाच सेकंदांचं, एक मिनिटभराचं. अपूर्णांक बसले.

एकोणतीस मार्चला, खिचडीला फोडणी घालायच्या वेळी, वर्गाला पुन्हा हसू आलं. अनशाक्कानं सवयीनं पातेलं उतरवून ठेवलं, म्हणजे करपायला नको. भिंतीपलीकडं गुरुजी घाईघाईनं एकतीसचा पाढा म्हणायला लागले. पाढा संपला. बत्तीसचा सुरू झाला. तोही संपला. गुरुजींनी ग्रह घेतले.

अनशाक्का पातेल्याशेजारी उभी होती. आत चोवीस आवाज होते. तिनं ते ताटं मोजल्यासारखे मोजले. ईश्वरीचा त्यात होता. बारीक, घंटीसारखा, सगळ्यांत वर. गुरुजींचा होता. एकतीसच्या पाढ्यातलं तिच्या डोक्यात काहीच राहिलं नव्हतं.

तिनं ओठांवरून हात फिरवला. तोंड कोरडं होतं.

अर्धा तास झाला. गुरुजी हसत हसत, भिंतीचा आधार घेत शेडच्या दारात आले. हातात नोंदवही होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि त्यांचं हसू चालूच राहिलं, पण डोळे तसे नव्हते.

"अनशाक्का," ते कसेबसे म्हणाले, "तुम्ही..."

"आणा हिकडं."

तिनं वही घेतली. न हसलेल्याचे नाव या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, अनसूया ज्ञानू पोवार, एकही वेलांटी न चुकवता. पुढच्या रकान्याशी ती थांबली. समोर चार कारणं होती. हजर नसणे. न कळणे. स्वतःवरच असणे. आणि खाली समासात, तिच्याच अक्षरात, चौथं. तिनं ती चारही एकदा मनाशी वाचली.

"हे आत्ताच लिवाय पायजे असं काय न्हाई," ती म्हणाली आणि वही परत दिली. "जावा तुम्ही. आत पोरं वाट बघत्यात. घ्या काहीतरी अवघड."

गुरुजी गेले. पलीकडं सौरमाला संपली आणि मानवी शरीर सुरू झालं. हसू अजून चढतच होतं. ते आता भिंतीच्या मातीतून आल्यासारखं येत होतं आणि शेडचा पत्रा थरथरत होता.

अनशाक्कानं चुलीतली लाकडं मागं ओढली. पदर खोचला. दुखरा गुडघा सांभाळत ती शेडला वळसा घालून वर्गाच्या खिडकीशी गेली, गजांना दोन्ही हातांनी धरलं, आणि पहिल्या रांगेपासून एकेकाकडं नीट बघायला लागली.